चांदोबा : चित्रमय अद्भुतकथांचे आकर्षण

मद्रासच्या ‘चंदामामा’ (१९४७) या बालमासिकाची मराठी आवृत्ती. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी हे मूळ मासिकाचे प्रवर्तक. ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूळ मासिक बंद पडले, तरी त्यातील विक्रम-वेताळाच्या कथांचे आकर्षण टिकून आहे.

वेताळाच्या कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) आढळतात. त्याचा आधार असलेली गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने प्रतिष्ठानच्या सातवाहनांशी निगडित आहे. प्रतिष्ठान म्हणजे गोदाकाठचे पैठण. हीच गोदावरी पुढे बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बनते. त्यामुळे मद्रासमार्गे मराठवाड्यात आलेली ही कथा एका अर्थी माहेरीच परतली.

के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर (१९२४–२०२०) यांनी रेखाटलेला, हाती तलवार व खांद्यावर प्रेत घेतलेला राजा हे या कथांचे चिरपरिचित रूप होय. मूळ कथाचक्रात अखेरच्या प्रश्नापुढे राजा निरुत्तर होतो आणि त्या मौनातच चक्र संपते. मासिकाने त्याच चौकटीत नव्या कथा रचल्या. राजा दरवेळी उत्तर देत राहिला व मौनाचे ते गांभीर्य हरपले. अनेक नव्या कथा केवळ बोधपर झाल्या. तथापि प्रश्न व उत्तर यांमधील क्षणी बालवाचकाला स्वतः न्याय करावा लागतो. भयप्रद चित्र आणि न्यायाचा पेच यांच्या या संयोगातच त्यांच्या चिरंतन आकर्षणाचे मर्म आहे.