जुना वाशीम जिल्हा, जनपद आणि कनेरगांव नाका

हस्तलिखितांच्या याद्यांत प्राप्तिस्थानाच्या रकान्यांत 'वाशीम जिल्हा' एवढेंच लिहून मोकळें होण्याचा प्रघात आमच्या संग्राहक मित्रांत पडूं लागला आहे. तो आम्हांस घातक वाटतो.

१९०५ पूर्वींचा वाशीम जिल्हा वाशीम, मंगरूळ व पुसद अशा तीन तालुक्यांचा होता. त्या सालीं तो मोडला. पहिले दोन तालुके अकोल्यास व पुसद यवतमाळास जोडण्यांत आला. पुढें १९९८ सालीं जो वाशीम जिल्हा निर्माण झाला त्यांत पुसद नाहीं. उलट कारंजें आहे, जें १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यांत व त्यानंतर अकोला जिल्ह्यांत मोडत असे. तेव्हां नांव एक, मुलूख दोन. कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्यांची दखल रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ च्या आपल्या सूचींत घेतली, तेव्हां वाशीम नांवाचा जिल्हाच अस्तित्वांत नव्हता. त्या सूचीचे उपकार मोठे आहेत. परंतु तिची कक्षा मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या सरकारी हद्दीपाशीं संपते. पोथ्या घेऊन हिंडणाऱ्या शास्त्र्यांस व कीर्तनकारांस ती हद्द कोठली अडवणार!

ह्या हद्दीवरचें गांव म्हणजे कनेरगांव नाका. तें वाशीम-हिंगोली मार्गावर, आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या कडेला आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें तें कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायीं. मौज अशी कीं, त्याच फौजेची छावणी असलेली हिंगोली मात्र मोगलाईंतच राहिली. तेव्हांपासून १९५६ पर्यंत वाशीम एका राज्यांत व कनेरगांव दुसऱ्यांत, अशी स्थिति होती. गांवाच्या नांवास चिकटलेलें 'नाका' हें पद त्या हद्दीचीच खूण होय, असें आम्ही समजतों. कनेरगांव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत होतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां जनपदाविषयीं. १९४८ च्या कायद्यानें मध्यप्रांत-वऱ्हाडांतील जिल्हा कौन्सिलें जाऊन जनपद सभा आल्या. नांव संस्कृत व भारदस्त खरें. पण कौटिल्याच्या सप्तांगांतील जनपद म्हणजे राज्याचा सारा मुलूख व त्यांतील प्रजा, आणि ह्या कायद्याचें जनपद बहुधा एका तालुक्याएवढें! हें नामकरण आम्हांस रुचत नाहीं. तथापि संशोधकास तें फार उपयोगी आहे. विदर्भांत १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या व जनपदें संपलीं. म्हणून ज्या कागदावर वऱ्हाडांतील जनपद सभेचा शिक्का आहे त्याचा काळ ह्या चौदा वर्षांत निश्चित होतो, आणि स्थळही ठरतें. कारण हैदराबाद संस्थानाच्या बाजूस जनपद सभा कधींच नव्हत्या. असा कागद कनेरगांवीं हातीं आला तर तो हद्द ओलांडून आलेला समजावा, व कोणाच्या हस्तें आला याची तेथेंच चौकशी करावी. 'जिल्हा हिंगोली' असा शेरा मारून तो दप्तरांत घातला कीं ही सारी वार्ता बुडाली.

आमची सूचना एवढीच कीं, गांव व तालुका लिहून त्यापुढें कागदाच्या काळचा जिल्हा आणि कंसांत आजचा जिल्हा लिहावा. साल अवश्य द्यावें. पूर्वींच्या संग्राहकानें लावलेली चिठ्ठी मात्र खरडून काढूं नये. नवी चिठ्ठी तिच्या शेजारीं चिकटवावी.