नारळीकरांचे चौथे नगर

संस्था उभारणाऱ्या माणसाचे आत्मचरित्र हाती घेताना मराठी वाचकाची एक ठरलेली अपेक्षा असते. आरंभी समाजाचा विरोध, मग पैशाची विवंचना, मग आप्तस्वकीयांची उपेक्षा आणि अखेरीस कार्याचा विजय, हा क्रम त्याने मनाशी गृहीत धरलेला असतो. महर्षी कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'ने ही अपेक्षा आपल्याकडे रुजविली. डॉ. जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे २०१२ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र ती पुरी करीत नाही. ह्या ग्रंथास २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही लेखकाकडे आले. तथापि 'ग्रंथ उत्तम, पण थंड' असा अभिप्राय वाचकांकडून अजूनही ऐकू येतो. रायपुरातील आमच्या वाचकमित्रांच्या बैठकीतही तो ऐकू आला. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. ह्या अभिप्रायाची शांतपणे फेरतपासणी करावयास आता हरकत नसावी.

चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. पैकी पहिल्या दोहोंचे वाचकाला सहजच आकर्षण वाटते. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. ज्यांची मुले नोकरीच्या गावी अशीच दोन भाषांत वाढत आहेत, त्या आपणांस हे नगर परके वाटण्याचे कारण नाही. १९५७ साली केंब्रिजला प्रयाण, तेथे फ्रेड हॉइल ह्यांचे शिष्यत्व, १९६४ साली गुरुशिष्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, ही हकीकत कोणत्याही शैलीत सांगितली तरी रंजकच होईल. १९७२ साली स्वदेशी परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घालविलेली वर्षे हे तिसरे नगर. खरी कसोटी चौथ्या नगरात आहे.

पुण्यास नारळीकर गेले ते संचालक म्हणून. विश्वविद्यालय अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. यशपाल ह्यांच्या पुढाकाराने १९८८ साली तेथे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच 'आयुका', स्थापन झाले. पुणे विद्यापीठाच्या आवारात जागा घ्यावयाची, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडून इमारती उभारून घ्यावयाच्या, पदे मंजूर करवून घ्यावयाची, माणसे पारखून आणावयाची, हा तेथला उद्योग. ज्याने सरकारी कचेरीत काही वर्षे काढली आहेत त्याला ठाऊक असते की, आयुष्याचा मोठा भाग अशाच कामात जातो आणि त्याची गोष्ट मात्र होत नाही. कर्व्यांपुढे उभा समाज विरोधक म्हणून होता. संचालकापुढे बहुधा एक प्रलंबित टिपणी असते. टिपणीला खलनायक करता येत नाही. म्हणून हा भाग वाचकाला सपाट वाटतो, आणि तो दोष सर्वस्वी लेखकाचा नव्हे.

पण एवढे म्हणून भागत नाही. नारळीकरांच्या स्वभावातच असे काही आहे की, ज्यामुळे संचालकाची कहाणी दबून जाते. त्याची खूण त्यांच्या कथालेखनाच्या आरंभीच सापडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी करून घेतली होती. ख्यातनाम शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, कथेचा निवाडा कथेवरूनच व्हावा, हा त्यातला हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. गुणवत्तेच्या पारखीत आपल्या नावाचे वजन पडू द्यावयाचे नाही, ही वृत्ती त्या प्रसंगापुरती नव्हती.

संचालकपदावर ह्या वृत्तीची परीक्षा अधिक कठीण होती. विश्वाला आरंभ नाही, हे मत त्यांनी हॉइल ह्यांच्याबरोबर जन्मभर जोपासले. १९६५ साली सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षात गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली, म्हणजे संचालक असतानाच, हॉइल आणि जेफ्री बर्बिज ह्यांच्या सहकार्याने त्यांनी अर्धस्थिर विश्वाची कल्पना मांडली. असा अल्पमतातला मनुष्य संस्थेचा प्रमुख झाला की, संस्था त्याच्या मताचा आखाडा होण्याचा धोका असतो. आयुकाचे तसे झाले नाही. थानू पद्मनाभन ह्यांच्यासारखे विश्वशास्त्रज्ञ महास्फोटाच्या चौकटीत त्याच छपराखाली काम करीत राहिले. संजीव धुरंधर ह्यांनी गुरुत्वलहरी ओळखण्याच्या गणिती पद्धती तेथे विकसित केल्या. त्या लहरी प्रत्यक्ष सापडल्याची घोषणा २०१६ साली झाली. प्रमुखाच्या सिद्धांताशी सहमती ही तेथे प्रवेशाची अट नव्हती. आयुकाच्या संचालकाचे सर्वांत मोठे कर्तृत्व आम्हांस येथे दिसते.

ह्यामागे केंब्रिजचा धडा असावा. हॉइल ह्यांनी तेथे सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली, तिच्या आरंभीच्या मंडळींत नारळीकर होते. आणि १९७२ साली विद्यापीठाच्या कारभाराला विटून हॉइल ह्यांना केंब्रिज सोडावे लागले. संस्था आणि व्यक्ती ह्यांची गाठ कितपत घट्ट असावी, हे शिष्याने फार जवळून पाहिले होते. २००३ साली नारळीकरांनी संचालकपद नरेश दधीच ह्यांच्या स्वाधीन केले आणि संस्थेची वाटचाल अखंड चालू राहिली.

मात्र संस्थेत जो गुण ठरला, तोच ग्रंथात उणीव ठरतो. स्वतःला बाजूस ठेवणे हे संचालकाला शोभते. आत्मचरित्रकाराने तसे केले तर वाचक उपाशी राहतो. पंधरा वर्षांत किती सकाळी गणिताऐवजी बैठकांत गेल्या? आपण आयुष्यभर ज्याला विरोध केला तेच मत शेजारच्या खोलीत सिद्ध धरले जाताना ह्या माणसाच्या मनात काय येत असे? घटना, तारखा, माणसे ह्यांची हकीकत नारळीकर निर्मळ गद्यात देतात. ह्या प्रश्नांच्या उंबरठ्याशी मात्र त्यांची लेखणी सभ्यपणे मागे वळते. कर्व्यांचे गद्यही संयमीच आहे, पण त्यांच्या भोवतालचा समाज इतका बोलका होता की, लेखकाचे मौन भरून निघाले. नारळीकरांच्या वाट्याला तसा समाज आला नाही. येथे त्यांनी स्वतःच बोलावयास हवे होते. 'थंड' ह्या अभिप्रायात तथ्य आहे ते एवढेच.

जे ग्रंथात नाही ते ग्रंथाबाहेर पाहावयास मिळते, आणि त्यासाठी आम्हांस रायपूर सोडावे लागले नाही. १९६४ साली स्थापन झालेल्या येथील रविशंकर विश्वविद्यालयाच्या भौतिकी विभागाच्या नावातच खगोलभौतिकीचा समावेश आहे आणि आयुकाचे साधनकेंद्रही तेथे निघाले. ज्या विद्यापीठांना स्वतःची मोठी दुर्बीण वा समृद्ध ग्रंथालय परवडत नाही त्यांच्यासाठीच ती संस्था काढलेली. सहयोगी म्हणून निवडलेला प्राध्यापक काही आठवडे पुण्यास राहतो, तेथली साधने वापरतो आणि परत येऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवितो. जाण्यायेण्याचा व राहण्याचा भार संस्था उचलते. आझाद हिंद एक्स्प्रेसने रायपूरहून पुण्यास निघालेला असा एखादा प्राध्यापक हाच चौथ्या नगराच्या कहाणीचा खरा नायक होय.

तेव्हा निर्णय असा की, आत्माविष्कार म्हणून हा ग्रंथ मराठीतील पहिल्या पंक्तीच्या आत्मचरित्रांत बसणार नाही. मात्र अधिकाराची खुर्ची कशी वापरावी ह्याची साक्ष म्हणून त्याच्या तोडीचे पुस्तक आपल्या भाषेत क्वचितच मिळेल. दर बदलीच्या वेळी आपण टेबल आवरतो, तेव्हा मागाहून येणाऱ्यास आपल्या मतांचे किती ओझे ठेवून जात आहोत, हा विचार फारसा मनात येत नाही. तो विचार मनात बाळगून चौथे नगर एकदा सावकाश वाचावे. पहिल्या वाचनात कोरडी वाटलेली कित्येक पाने मग तशी वाटणार नाहीत.