‘वाहतूक पूर्ववत’ : अतिवृष्टीनंतरच्या पूल-व्यवस्थापनाची चिकित्सा

अतिवृष्टी ओसरली की शासकीय निवेदनांतून दोन शब्दप्रयोग हमखास आढळतात. काम ‘युद्धपातळीवर’ सुरू असते आणि वाहतूक ‘पूर्ववत’ होते. पहिल्याकडे केवळ अलंकार म्हणून दुर्लक्ष करता येईल. दुसऱ्याची मात्र चिकित्सा होणे आवश्यक आहे, कारण त्यात संपूर्ण कार्यपद्धती दडलेली आहे. जे वाहून गेले ते पूर्वी होते तसे करणे म्हणजे ज्या उणिवेमुळे ते वाहून गेले तिचीही पुनर्स्थापना करणे होय.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल कोसळला. एस.टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या व इतर वाहने पुरात गेली. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरविण्यात आला होता. पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व जून २०१७ मध्ये खुला झाला. या वेगाचे कौतुक झाले व ते रास्तही आहे. परंतु वेगाच्या या चर्चेत मूळ प्रश्न मागे पडला : पाहणीत नेमके काय पाहिले जाते?

नदीच्या पुलाला पाण्याच्या धडकेपेक्षा पायाजवळच्या खरवडीचे भय अधिक असते. पूर शिगेला असताना खांबाभोवतीची वाळू-माती उपसली जाते. पाणी उतरू लागले की त्याच खड्ड्यात नवा, सैल गाळ भरतो. दुसऱ्या दिवशी काठावरून पाहणाऱ्याला तळ होता तसाच दिसतो. म्हणजे ‘पूर्ववत’ करण्याचे काम नदीने अगोदरच उरकलेले असते, आणि तेच सर्वाधिक फसवे असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत नेहमीच्या पाहणीखेरीज पुरानंतरची विशेष पाहणी व पाण्याखालील भागांची तपासणी सांगितली आहे. तरतुदीची वाण नाही. कठडे, भेगा व डांबर पाहून दिलेला अभिप्राय पायालाही लागू आहे असे मानले जाते, दोष तेथे आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पूर्णेचे खोरे खोल गाळाचे आहे. पायाला उथळ खडक सहसा मिळत नाही. अकोला-अकोट मार्गावरील गांधीग्राम येथील ब्रिटिशकालीन पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये तडे आढळल्यामुळे वाहतुकीस बंद करण्यात आला. पूल पडण्यापूर्वी बंद झाला, हे व्यवस्थापनाचे यशच मानावे लागेल. मात्र पर्यायी मार्गाची सिद्धता अगोदर नसल्याने अकोट तालुक्यातील विद्यार्थी, रुग्ण व शेतमाल यांना लांबचा वळसा पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली तेव्हा कुठे काहीसा दिलासा मिळाला. (एकाच पुलावर तालुक्याचे शिक्षण अवलंबून असते, ही बाब महाविद्यालयांच्या उपस्थितीपत्रकांत सहज तपासता येईल, तसा अभ्यास व्हावयास हवा.)

शहरातील चित्र वेगळे नाही. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका दिवसात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे वर्षाच्या सरासरीचा साधारण चौथा हिस्सा. मोर्णेला पूर येऊन सखल वस्त्यांत पाणी शिरले. लहान पूल व मोऱ्यांसाठी अद्यापही उल्लेखिल्या जाणाऱ्या डिकन्सच्या सूत्रात ६० ते १२० सेंटिमीटर वार्षिक पावसाच्या प्रदेशासाठी ११ ते १४ हा गुणांक धरला जातो. वार्षिक सरासरीवर बेतलेला हा गुणांक एका रात्रीच्या पावसाची तीव्रता सांगत नाही. शिवाय त्यात पाणलोट क्षेत्राचा विस्तार येतो, त्याचे स्वरूप येत नाही. जठारपेठेसारख्या वस्तीत अंगणे, परसदारे जाऊन सिमेंटचे रस्ते व फरसबंदी आली की क्षेत्रफळ तेच राहते. नाल्याकडे धावणारे पाणी मात्र वाढते व लवकर पोहोचते. अशा ठिकाणी खचलेली मोरी जुन्याच व्यासाच्या नळ्या टाकून दुरुस्त करणे, हे ‘पूर्ववत’चे सर्वांत छोटे व सर्वांत सार्वत्रिक उदाहरण होय.

ग्रामीण भागातील रपट्यांकडे या संदर्भात उपेक्षेने पाहिले जाते. वास्तविक रपटा पुरात बुडणार हे गृहीत धरूनच बांधलेला असतो. पाणी त्यावरून जाते आणि बांधकाम बहुधा टिकते. धोका असतो तो पाणी वर असताना तो ओलांडण्याचा. तेथे गरज असते ती ठळक पातळीदर्शक खांबाची, वेळेवर लावलेल्या अडसराची आणि अडसर लावण्याचा अधिकार गावातच कोणाला तरी असण्याची. याउलट उंच भराव घालून केलेल्या जोडरस्त्यात पुरेशा मोऱ्या नसतील, तर तो भरावच धरणासारखा पाणी अडवितो आणि काळ्या मातीचा असेल तर एका बाजूने भिजून खचतो. पूल शाबूत राहतो, त्याच्यापर्यंत जाणारा रस्ताच उरत नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तो भराव पुन्हा त्याच उंचीचा व तितक्याच मोऱ्यांचा दाखविला जातो.