मराठी पुस्तकातून वेब डिझाइन शिकताना : एक समीक्षात्मक टिपण

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर, विप्रोच्या मुख्यालयापासून फार लांब नसलेल्या एका पीजीत लातूर जिल्ह्यातून आलेला एक तरुण राहतो. शाळा मराठी माध्यमाची. वेब डिझाइनचे पहिले धडे त्याने एका मराठी पुस्तकातून घेतले आणि ते पुस्तक अजून जपून ठेवले आहे. टॅग, टेबल, फॉर्म हे सगळे त्याला त्यातूनच कळले. मागच्या दिवाळीत गावच्या वाचनालयाने त्याला एक साधे वेबपेज करून द्यायला सांगितले. ग्रंथपालांनी दिलेली पुस्तकांची यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती पेजवर आणताच मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसू लागला. त्याने पुस्तक पुन्हा चाळले. त्यात याचे उत्तर नव्हते. शेवटी सगळी यादी त्याने हाताने पुन्हा टाइप केली.

हा दोष एका पुस्तकाचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. मराठीत उपलब्ध असलेल्या या प्रकारच्या बहुतेक पुस्तकांत समजावून सांगण्याची भाषा मराठी असते, पण शिकवलेले काम इंग्रजी पेज तयार करण्याचे असते. या टिपणात त्याचाच विचार करू.

बटणांची पुस्तके

महाराष्ट्रात संगणक शिक्षणाचा मोठा प्रसार २००१ नंतर एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे झाला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्या-तालुक्यात केंद्रे निघाली आणि मराठी मार्गदर्शकांना मागणी आली. यांतील अनेक पुस्तकांचा साचा एकच : अमुक मेनूवर क्लिक करा, मग तमुक पर्याय निवडा, शेजारी पडद्याचे चित्र. घाबरलेल्या नवशिक्याला याचा आधार वाटतो, हे मान्य करायला हवे. पण ऑफिस २००७ मध्ये मेनूंच्या जागी रिबन आली आणि ही वर्णने निरुपयोगी झाली. वेब डिझाइनच्या पुस्तकांतील फ्लॅशच्या प्रकरणांचेही तेच झाले. ॲडोबने २०२० अखेर फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. बटण कुठे आहे हे सांगणारे पुस्तक आवृत्तीबरोबर जुने होते. ते बटण काय करते हे सांगणारे पुस्तक जास्त टिकते.

जाणकार लेखक कमी नाहीत

अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांनी मिळून ‘वेब टेक्नॉलॉजीज’ हे पाठ्यपुस्तक इंग्रजीत लिहिले. दोघांनीही मराठीत भरपूर लेखन केले आहे. म्हणजे विषय जाणणारे आणि मराठी चांगले लिहिणारे लेखक आहेत. तरीही तंत्राचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत आणि तंत्राच्या गोष्टी मराठीत, अशी वाटणी होऊन बसली. दोष लेखकांचा नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम जिथे इंग्रजीत असतो, तिथे प्रकाशक मराठी पाठ्यपुस्तक का काढील? २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकवण्यास मान्यता दिली. त्यामुळे हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे.

काय राहून जाते?

मराठी पेज तयार करणाऱ्याला लागणाऱ्या चार गोष्टी पाहू.

पहिली, युनिकोड. १९९१ पासून देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. जुन्या फॉन्टमध्ये मात्र रोमन अक्षरांच्या कोडवरच मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. वाचनालयाच्या यादीचे हेच झाले. असा मजकूर रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो, एवढे एक वाक्य पुस्तकात असते तरी पुष्कळ होते.

दुसरी, पेजची भाषा. पेजच्या सुरुवातीला भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली, तर तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. पेज वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मराठी उच्चार निवडता येतात. अंध वाचकासाठी ही बाब किरकोळ नाही.

तिसरी, अक्षरांची मोजणी. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो. ब्राउझर दहा मोजतो, कारण हलन्त आणि मात्राही त्याच्या हिशेबात येतात. फॉर्मच्या रकान्याला दहाची मर्यादा घातली, तर ‘ज्ञानेश्वर’ मावतो आणि ‘ज्ञानेश्वरी’ची वेलांटी बाहेर राहते.

चौथी, वर्णक्रम. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’नंतर लगेच येतो. त्यामुळे नुसत्या कोडवर लावलेल्या यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी जाते. मराठीचा क्रम लावण्याची सोय उपलब्ध आहे, पण ती आहे हे कोणीतरी सांगायला हवे.

एक आक्षेप

नोकरी इंग्रजीतच करायची आहे, मग हे कशाला, असे कोणी म्हणेल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या अडचणीतून एक वाट काढली आहे. निवेदन मराठीत, पडदा इंग्रजीत, आणि विद्यार्थ्याने ऐकता ऐकता स्वतः करून पाहायचे. पारिभाषिक शब्दांवरून अडून बसण्यापेक्षा हे चांगले. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हटल्याने विद्यार्थ्याला पडद्यावरची फाइल सापडत नाही. पण या पद्धतीत उदाहरणे इंग्रजी पडद्यावरचीच राहतात. शिवाय वर सांगितलेल्या चारही गोष्टी नोकरीतही लागतात. बँक, रेल्वे, शासन यांची मराठी पेजेस कोणीतरी तयार करतच असते. सर्जापूर रोडवरच्या कचेरीत बसून मराठी फॉर्म तपासण्याचे काम आले, तर ‘ज्ञानेश्वरी’चा घोटाळा मराठी वाचणाऱ्याच्याच चटकन लक्षात येईल.

पुस्तक निवडताना

शिक्षकांनी वर्गासाठी पुस्तक निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या प्रकरणातील पहिले पेज मराठीत आहे का? क्लिक करायला सांगताना त्यामागचे कारण दिले आहे का? सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तर पुस्तकाचा निम्मा भाग तरी उपयोगी राहील का?

तिन्हींची उत्तरे ‘हो’ असलेले पुस्तक मिळेपर्यंत हाती आहे तेच वापरावे लागेल. तोवर एक गृहपाठ द्यावा : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या वाचनालयातील वीस पुस्तकांची यादी मराठीत, मराठी वर्णक्रमाने वेबपेजवर मांडावी. जिथे अडेल ते वहीत लिहून ठेवावे. अशा वह्या जमल्या, तर पुढचे मराठी पुस्तक लिहिणाऱ्याला कोणती प्रकरणे घालायची हे त्यांतूनच कळेल.