शेरेबुकात रकाना नसलेला शब्द

सरकारी तपासणीच्या अहवालाला कोणी वाङ्मय मानत नाही. पण ज्यांच्या आयुष्याचा निकाल त्यात लागतो, त्यांच्या बाजूने मी तो वाचतो. आणि कथा-कवितेला विचारावा तोच प्रश्न त्यालाही विचारतो : यात बोलतो कोण?

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधील ११० निवारागृहांची पाहणी करून २०१८ मध्ये तिथल्या सरकारला अहवाल दिला. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाविषयीचा मजकूर त्यात थोडकाच आहे. तरी त्यातूनच ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदला गेला. वैद्यकीय तपासणीत ३४ मुलींवर अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले.

मग तोवर तपासणीची सोय नव्हती काय? होती. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालकल्याण समितीला महिन्यातून किमान दोन भेटी सांगितल्या आहेत. निरीक्षण समितीने दर तीन महिन्यांनी पाहणी करायची. तिच्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. आणि दोषी ठरलेल्यांत त्याच जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा अध्यक्ष होता, बाल संरक्षण अधिकारीही होता!

कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणून आपले पांढरपेशे विचारवंत मोकळे होतील. मला ते पुरेसे वाटत नाही. दोष चार माणसांइतकाच पाहण्याच्या रीतीचाही आहे. शेरेबुकात खाटा, भांडी, हजेरीपट यांना जागा असते. मुलाच्या शब्दाला रकाना नसतो. 'कोशिश'चे कार्यकर्ते मुलींशी बोलले, एवढाच फरक. प्रस्थापित साहित्यात आम्हीही होतो, पण दयेचा विषय म्हणून. आत्मकथनांनी तो विषय बोलता केला, तेव्हा गावाचे खरे चित्र उघडे पडले. इथेही तेच घडले.

पण या अहवालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मुलींनी अत्याचाराविषयी सांगितले, एवढे तो नोंदवतो. काय भोगले ते त्यांच्या बोलीत येत नाही. नाव झाकणे आवश्यकच आहे. आवाज झाकणे आवश्यक नाही. शिवाय अहवाल गेला तो ज्याच्या देखरेखीखाली हे चालले त्याच शासनाकडे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा १७ गृहांचा तपास सीबीआयकडे द्यावा लागला, यातच सर्व आले.

अशी गृहे प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि त्यांत बहुतेक मुले आपल्याच वस्त्यांतली, पालांवरची असतात. आपल्यातले शिक्षक, कार्यकर्ते समित्यांवर जातात. त्यांनी अधीक्षकाचा चहा घेण्याआधी त्याला बाहेर बसवून मुलांशी बोलावे. जे ऐकले ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. पुढच्या भेटीत मागच्या शेऱ्याचे काय झाले, हे आधी विचारावे. एवढे होणार नसेल तर समितीवरची आपली खुर्चीही त्या व्यवस्थेचेच सामान आहे.