स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे मराठीतील विख्यात आत्मचरित्र. त्याचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. पती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्राची सामग्री म्हणून या आठवणींच्या लेखनास प्रारंभ झाला. चौथा भाग लेखिकेच्या निधनामुळे अपुरा राहिला व तो त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांनी पूर्ण केला. प्रांजळ निवेदन, घरगुती बोलीचा सहज वापर आणि निर्मळ विनोद या गुणांमुळे या ग्रंथास मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थान लाभले आहे. या गुणांच्या कौतुकात ग्रंथाचा एक प्रमुख विषय मात्र काहीसा मागे पडतो. पतीच्या श्रद्धेवर न विसंबता एका स्त्रीने आपली श्रद्धा स्वतः कशी मिळविली, हा तो विषय होय.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पतीचा धर्म तोच पत्नीचा, ही त्या काळची रूढ समजूत. परंतु या प्रसंगी ती निरुपयोगी ठरली. लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि त्यांनी पतीचा कायमचा त्यागही केला नाही. आप्तांच्या आश्रयाने काही वर्षे काढल्यावर त्या टिळकांकडे परतल्या, त्या स्वतःचे सोवळेओवळे व वेगळा स्वयंपाक कायम ठेवून. एका छपराखाली दोन धर्म नांदत असल्याचा हा काळ ग्रंथात अत्यंत बारकाईने आला आहे. वादविवादांपेक्षा पाण्याची भांडी, चूल आणि शिवाशीव यांचीच वर्णने येथे अधिक आहेत. श्रद्धेचा प्रश्न लेखिकेसमोर प्रत्यक्षात याच रूपाने उभा होता.

पुढील परिवर्तनाचे वर्णनही याच पातळीवर आहे. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई जातिभेद देवाने केले की माणसाने, या प्रश्नाचा एकान्तात विचार करतात. पशुपक्ष्यांच्या जाती शरीरावरून ओळखू येतात, माणसांच्या तशा ओळखू येत नाहीत. म्हणून ते भेद मानवनिर्मित असले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यानंतर कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्या करतात. या विचारात कोणा धर्मोपदेशकाचे प्रमाण नाही, की पतीचाही आधार नाही. टिळकांनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दीक्षाविधीपेक्षा त्याआधीच्या या मनोमंथनाचा ठसा वाचकाच्या मनावर अधिक खोल उमटतो.

मराठी ख्रिस्ती लेखकांच्या इतर आत्मनिवेदनांशी तुलना केल्यास या ग्रंथाचे वेगळेपण स्पष्ट होते. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींचे अरुणोदय (१८८४) हे वाचन, चर्चा व चिकित्सा यांतून झालेल्या मतांतराचा वृत्तांत आहे. त्याची मांडणी बव्हंशी युक्तिवादाची आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि आपणास धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी १९०७ मधील आपल्या इंग्रजी निवेदनात दिली आहे. धर्मगुरूंच्या अधिकारापेक्षा आपल्या सदसद्विवेकबुद्धीस प्रमाण मानण्याचा त्यांचा आग्रह त्यांच्या पत्रव्यवहारातूनही दिसतो. रमाबाईंची प्रखर विद्वत्ता लक्ष्मीबाईंपाशी नव्हती. औपचारिक शिक्षणावाचून, व्यावहारिक शहाणपणाच्या बळावर त्यांनी तेच स्वातंत्र्य मिळविले, ही बाब विशेष महत्त्वाची होय.

लेखिकेची भाषाशैली या अनुभवास पोषक आहे. पाप, तारण, कृपा यांसारख्या धर्मोपदेशातील ठरीव संज्ञा तिने क्वचितच वापरल्या आहेत. टिळकांचा तापट व लहरी स्वभाव, त्यांची औदार्यापोटी होणारी उधळपट्टी आणि घरात आश्रयास येणारी निराधार मुले यांच्याकडे ती सारख्याच मोकळेपणाने पाहते. भक्ती आणि थट्टा या दोन्ही वृत्ती तिच्या ठायी एकत्र नांदतात. पतीविषयीच्या उत्कट प्रेमामुळे तिची विवेकदृष्टी झाकोळत नाही.

ग्रंथास काही मर्यादाही आहेत. कालानुक्रम अनेकदा शिथिल आहे. बाप्तिस्म्यानंतरच्या आंतरिक जीवनाविषयी लेखिका फारसे सांगत नाही. प्रार्थना, संशय वा नैराश्य यांचे चित्रण त्रोटक आहे. त्यामुळे आध्यात्मिक आत्मवृत्ताची अपेक्षा करणाऱ्या वाचकास काही ठिकाणी उणीव भासेल. परंतु जे स्वतः अनुभवले नाही, ते केवळ संकेत म्हणून लिहावयाचे नाही, या वृत्तीचीच ही दुसरी बाजू आहे, असे म्हणता येईल.

टिळकांचा प्रवासही अखेरपर्यंत याच दिशेने झाला. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यांनी अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी मोठ्या प्रमाणावर पुढे नेले. ज्या श्रद्धेचा स्वीकार त्यांनी पतीच्या शब्दावर केला नव्हता, तिचे काव्य त्यांनी पतीच्या मृत्यूनंतर आपल्या शब्दांत रचले.

स्मृतिचित्रेचा जोसेफीन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये व शांता गोखले यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मांतर हा महाराष्ट्रात दीर्घकाळ कटुतेचा विषय राहिला असतानाही हा ग्रंथ सर्व धर्मांच्या वाचकांनी आपला मानला. कोणत्याही पंथाची बाजू न मांडता एका मनाचा प्रामाणिक शोध त्यात आला आहे, हे त्यामागील मुख्य कारण होय.