ओहनो यांचे पुस्तक : सात अपव्ययांच्या पलीकडे

ताइची ओहनो यांच्या 'टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिम' या पुस्तकातून (जपानी १९७८, इंग्रजी १९८८) तुम्ही बहुधा सात अपव्ययांची यादी तेवढी पाठ करता. ('लीन' हे नाव ओहनो यांचे नव्हे, ते जॉन क्राफ्सिक यांनी १९८८ मध्ये दिले.) माझ्या मते यादी हा या पुस्तकाचा सर्वात कमी उपयोगाचा भाग आहे.

त्यातले बंद पडलेल्या यंत्राचे उदाहरण पाहा. यंत्र का थांबले? जादा भाराने फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला वंगण पुरले नाही. का? पंप वंगण नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पाच उत्तरांत कुठेही 'कामगार निष्काळजी होता' असे येत नाही. फ्यूज बदलून भागवले असते तर यंत्र पुन्हा बंद पडले असते.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही फाइव्ह-एस राबवले तेव्हा फळ्यावर पान्यांच्या आकृत्या रंगवल्या, कपाटांना लेबले लावली. प्रयोगवह्या मात्र सत्राच्या शेवटच्या आठवड्यातच माझ्या टेबलावर साचत. पहिल्या प्रयोगातली एककाची चूक दहाव्यापर्यंत तशीच जाई, आणि मी मुलांना बेफिकीर म्हणत असे. तो ढीग मीच तयार करत होतो. आता वही त्याच तासाला, मुले जाण्यापूर्वी तपासतो. चूक दुसऱ्या प्रयोगात जात नाही.

टोयोटाच्या कामगाराला दोष दिसताच लाइन थांबवता येते, हा ओहनो यांचा खरा ठेवा. पण त्यांचे पुस्तक व्यवस्थापकाच्या जागेवरून लिहिलेले आहे. कामाचा वेग मागणीवरून ठरतो, एवढे ते सांगतात. त्या वेगाने शरीराचे काय होते ते सांगत नाहीत. त्यासाठी सातोशी कामाता वाचावे लागतात. या पत्रकाराने १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि लाइनवरचा थकवा लिहून ठेवला. त्यांचे पुस्तक इंग्रजीत 'जपान इन द पासिंग लेन' या नावाने मिळते. ते आपल्या अभ्यासक्रमात नाही, ही मला उणीव वाटते.

प्रयोगवहीत मी 'प्रयोग का थांबवला?' असा रकाना वाढवला. पहिल्या सत्रात तो सगळ्यांचा कोरा राहिला. अपुऱ्या प्रयोगाचे गुण तेव्हाही मी कापतच होतो.